मत्स्यपेटींतील शेजार

गेल्या अंकांत आम्हीं परसांतील वेलींविषयीं लिहिलें, त्यावर पुण्याच्या एका वाचकभगिनींचें पत्र आलें आहे. वेलींसंबंधीं त्यांचें कांहीं म्हणणें नाहीं. त्या लिहितात कीं, नातवंडांच्या हट्टास्तव घरांत मासे पाळण्याची कांचेची पेटी आणली. दुकानदारानें दिलेले मासे पंधरा दिवसांत निम्मे झाले. उरलेल्यांपैकीं एकाच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या आहेत, आणि पाण्यांत लाविलेलीं झाडें सडलीं आहेत. कोणते मासे एकत्र नांदतात व त्यांच्यासवें कोणत्या वनस्पती लावाव्या, याविषयीं आम्हीं चार शब्द लिहावे अशी त्यांची सूचना आहे. आमचा सारा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. मत्स्यविद्येंत आमची गति नाहीं. परंतु या भगिनींनीं वर्णिलेली प्रत्येक आपत्ति आमच्या ओसरीवर होऊन गेलेली आहे, आणि एकदां वाट चुकलेल्या मनुष्यास ती दुसऱ्यास सांगण्याचा थोडा अधिकार असतो, एवढ्याच आधारावर हें लिहीत आहों.

आमचें घर जव्हारास. मुकणे घराण्याचें हें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. पुढें पुष्कळ वर्षें आम्ही ठाणें जिल्ह्याचे होतों, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्याचे झालों. घर एकत्र आहे. मातोश्री, वडील बंधु व वहिनी, आम्ही उभयतां, मुलगे, सुना व नातवंडें मिळून बारा पानें मांडावीं लागतात. दोन वर्षांपूर्वीं दिवाळीस आमचा पुतण्या नाशिकहून आला तो अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद व तितकीच उंच अशी कांचेची पेटी घेऊनच. बरोबर पाण्याच्या पिशव्यांतून आणलेले पंधरा मासे होते : दोन गोल्डफिश, सहा निऑन टेट्रा, दोन एंजल, चार टायगर बार्ब, आणि 'कांच साफ ठेवतो' म्हणून दिलेला दोन इंचांचा एक सकर मासा. त्याच संध्याकाळीं पेटी भरली, वाळू घातली, चार झाडें खोंचलीं, दिवा लाविला आणि मासे सोडले. सर्व घर पेटीभोंवतीं जमलें. पणतीच्या उजेडापेक्षां त्या रात्रीं पेटीच्या उजेडाचेंच कौतुक अधिक झालें.

तिसऱ्या दिवशीं निऑन सहाचे चार झाले. प्रेतें कोठें सांपडेनात. आठवड्यानें आणखी दोन दिसेनासे झाले तेव्हां एंजलकडे लक्ष गेलें. तोंवर टायगर बार्बांनीं एंजलचे लांब पर कुरतडण्यास आरंभ केला होता. गोल्डफिशांनीं झाडें उपटून त्यांचा पाला खाल्ला, आणि पाणी ताकासारखें गढूळ झालें. महिन्याभरांत अकरा जीव गेले. चार एंजलच्या पोटांत गेले. उरलेल्या सातांसाठीं आमच्या सात वर्षांच्या नातीनें सोनचाफ्याखालीं सात वेळां खड्डा खणला. सातव्या खेपेस ती रडली नाहीं, याचेंच आम्हांस अधिक वाईट वाटलें.

मातोश्री त्या दिवशीं एवढेंच म्हणाल्या, "अरे, पस्तीस वर्षें तूं वर्ग सांभाळलास. कोणता मुलगा कोणाशेजारीं बसवावा हें तुला कळत होतें ना? मग या मुक्या जिवांच्या वेळीं तें कोठें गेलें?"

या प्रश्नास उत्तर नव्हतें. आम्हीं पुस्तकें पाहिलीं, जाणत्यांस विचारलें, आणि मग कळलें कीं आमच्या पेटींत मरण आलें तें रोगानें नव्हे, तर निवडीनें. चांगले मासे व चांगलीं झाडें आम्हीं आणलीं होतीं. फक्त त्यांचा एकमेकांशीं मेळ बसत नव्हता.

पहिला मेळ पाण्याचा. गोल्डफिश हा चीनमधील कार्प जातीच्या माशापासून माणसानें शतकानुशतकें निवड करीत घडविलेला मासा. त्यास थंडसर पाणी मानवतें. १८ ते २२ अंश सेल्सिअस त्यास सुखाचें. निऑन टेट्रा हा दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील. त्यास २२ ते २६ अंशांचें ऊबदार, मऊ व किंचित आम्ल पाणी लागतें. याच्या उलट गप्पी, मॉली व प्लॅटी हीं पिल्लें देणारीं मंडळी जड व क्षारयुक्त पाण्यांत खुलतात. पाणी मऊ कीं जड हें साबणावरून ढोबळ मानानें कळतें. फेंस झटकन् आला तर मऊ, वेळ लागला तर जड. विहिरीचें वा बोअरवेलचें पाणी बहुधा जड असतें. तेव्हां प्रथम आपल्या घरीं पाणी कोणतें येतें तें पाहावें व त्यास मानवणारे मासे निवडावे. मासे आधीं आणून मग पाण्यास औषधें घालीत बसूं नये. न मानवणाऱ्या पाण्यांत मासा त्याच दिवशीं मरत नाहीं, तो हळूहळू खंगतो. म्हणून चूक कोणाची तें मालकास कळत नाहीं.

दुसरा मेळ स्वभावाचा. टायगर बार्ब हा दुष्ट मासा नव्हे. आठदहांच्या घोळक्यांत ठेवला तर त्याची धसमुसळ आपापसांत जिरते. दोनचार ठेवले तर ते शेजाऱ्यांचे पर ओढीत बसतात. त्याजबरोबर एंजल, गुरामी, गप्पी असे लांब परांचे संथ मासे मुळींच ठेवूं नयेत. फायटर मासा नर असेल तर एका पेटींत एकच; दोन नर एकमेकांस जिवंत ठेवीत नाहींत. गप्पींत एका नरामागें दोनतीन माद्या असाव्या, म्हणजे एकीच्याच मागें सारखा ससेमिरा राहत नाहीं. जे मासे स्वभावतः थव्यानें राहतात त्यांस एकटेंदुकटें ठेवणें ही त्यांस शिक्षाच होय. सहांपेक्षां कमी ठेवूं नयेत. याखेरीज एक नियम सर्वांस लागू आहे : जो मासा दुसऱ्याच्या तोंडांत मावतो, तो आज ना उद्यां त्याच्या पोटांत जातो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील मात्स्यन्याय आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून समजाविला, आणि एंजलशेजारीं निऑन सोडतांना तो आठवला नाहीं!

तिसरा मेळ वाढीचा, आणि येथें आमची सर्वांत मोठी चूक झाली. दुकानांत दिसतात ते बहुतेक मासे बालवयाचे असतात. दोन इंचांचा गोल्डफिश सहाआठ इंचांचा होतो. एंजल परांसह सहा इंच उंच होतो. आणि तो कांच साफ ठेवणारा सकर मासा दीड फुटांपर्यंत वाढतो! लहान माशांपुरता एक ढोबळ हिशेब सांगतात कीं, पूर्ण वाढलेल्या माशाच्या दर इंचास चार लिटर पाणी असावें. आमच्या पेटींत काठोकाठ भरलें तर सुमारें ११० लिटर मावतात. वाळू व वरची मोकळी जागा वजा जातां ९० उरतात. म्हणजे बावीस इंचांहून अधिक मासे तींत ठेवणें अन्याय. मोठ्या, जाड अंगाच्या माशांस तर हाही हिशेब पुरत नाहीं.

सकर मासा मात्र त्या कत्तलींतून वांचला, आणि दीड वर्षांत दहा इंचांचा झाला. सव्वा फूट रुंदीच्या पेटींत तो वळूं लागला कीं झाडें मुळांसकट वर येत. रात्रीं त्याच्या धडकेनें झांकण वाजे. काय करावें हा विचार घरांत सुरू झाला. पुतण्या म्हणाला, "काका, जयसागरांत सोडून देऊं या." जव्हार शहरास पाणी पुरविणारा तो जलाशय. आम्ही जरा थबकलों, तोंच नात म्हणाली, "आजोबा, मनूनें नाहीं का मासा मोठ्या पाण्यांत सोडला?"

ही कथा तिला आम्हींच सांगितली होती. शतपथ ब्राह्मणांत ती आहे. हात धुतांना मनूच्या ओंजळींत लहानसा मासा येतो. तो म्हणतो, मला सांभाळ. मनु त्यास प्रथम घटांत ठेवतो, मावेनासा झाल्यावर खड्ड्यांत, आणि शेवटीं समुद्रांत नेऊन सोडतो. पुढें प्रलयांत तोच मासा मनूची नौका तारतो. इतका स्वच्छ आधार मिळाल्यावर आमचें मन लगेच निवलें. एका सकाळीं झांकणाची बादली घेऊन नातीसह आम्ही जयसागराच्या वाटेस लागलों. एका जिवाची सुटका करीत आहों या समाधानांत होतों, हें लपवीत नाहीं.

वाटेंत आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. तो मोखाड्याकडील एका पाड्यावरचा, सध्यां आश्रमशाळेंत शिक्षक आहे. नमस्कार करून त्यानें विचारलें, "गुरुजी, बादलींत काय?" आम्हीं झांकण काढून दाखविलें. तो कांहीं वेळ पाहत राहिला व म्हणाला, "हा इथला नव्हे. कुठं सोडणार?"

आम्हीं सांगितलें. त्यावर तो म्हणाला, "गुरुजी, रागावूं नका. पहिल्या पावसांत वलगणीला मासे चढतात तेव्हां आमची पोरं ओढ्यांत उतरतात. चार दिवस घरांत कालवण असतं. हा इथं वाढला तर पोरांच्या हाताला हाच लागेल. अंगाला हाडांचं कवच, परांना कांटे. ह्याला खाणार कोण? जाळं मात्र फाडील."

"अरे, पण हा एकटाच आहे. एकट्याचा वंश कसा वाढणार?" आम्हीं विचारलें.

"तुमच्या घरचा एक. अशा पेट्या आतां गांवांत कितीएक घरीं आहेत. प्रत्येकानं एकच सोडला तर?"

आम्ही तेथूनच परतलों. वाचकहो, वलगण म्हणजे काय हें शहरवासीयांस कदाचित् ठाऊक नसेल. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरींनीं ओढे भरले कीं मासे अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाच्या उलट दिशेनें चढूं लागतात व थेट भातखाचरांत शिरतात. डोंगरांतील गरीब घरांना वर्षांतून एकदां सहज मिळणारें हें पौष्टिक अन्न. ज्या पाण्यावर दुसऱ्याचें पोट अवलंबून आहे, त्या पाण्यांत आपल्या ओसरीवरची अडचण ओतण्यास आम्ही धर्मग्रंथाचा आधार घेऊन निघालों होतों!

मागाहून चौकशी केली तों विद्यार्थ्याचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें. दक्षिण अमेरिकेंतील हा मासा शोभेच्या व्यापारांतून आला, कोणीं कोणीं पाण्यांत सोडला, आणि आतां कोलकात्याच्या पाणथळ भागांपासून आपल्या सोलापूरकडील उजनी जलाशयापर्यंत मच्छीमारांच्या जाळ्यांत येत आहे. तो काठांत बिळें करतो, त्यामुळें कांठ ढासळतात. तळाचें सारें खरवडून खातो, त्यांत इतर माशांचीं अंडींही जातात. मनूच्या कथेचा अर्थही मग आम्हांस नव्यानें कळला. मनूनें मासा नेला तो माशाच्याच घरीं. आमच्या माशाचें घर ॲमेझॉनकडे. जयसागर हें त्याचें घर नव्हे, दुसऱ्यांचें आहे. नातीला हा फरक सांगितला, तेव्हां ती म्हणाली, "म्हणजे आधीं त्याला आणलं तेंच चुकलं." इतकें थोडक्यांत आम्हांस सांगतां आलें नसतें. पुतण्यानें नाशकांत खटपट करून सहा फुटी पेटी बाळगणाऱ्या एका गृहस्थांकडे त्यास पोंचविलें. दोघे बार्ब त्यांच्या जातीच्या घोळक्यांत गेले. उरलेला गोल्डफिश परसांतल्या सावलीच्या दगडी टांक्यांत सुखानें आहे व डांसांच्या अळ्या खातो.

त्याच विद्यार्थ्यानें आम्हांस चौथा मेळ शिकविला, तो जागेचा. एका रविवारीं तो आम्हांस ओढ्यावर घेऊन गेला. म्हणाला, "गुरुजी, ओढ्यांत ज्याची त्याची जागा ठरलेली आहे. तोंड बघा, म्हणजे जागा कळते." आणि खरेंच, ज्याचें तोंड वरच्या बाजूस वळलेलें तो पाण्याच्या पृष्ठभागावर किडे टिपणारा, ज्याचें तोंड सरळ समोर तो मधल्या पाण्यांतला, ज्याचें तोंड खालीं, व बहुधा मिशाही, तो तळाचा. जगांतील कोणत्याही दुकानांत गेलें तरी ही खूण उपयोगी पडते. पेटी निवडतांना वरच्या, मधल्या व खालच्या थरांतले मासे बेतानें घेतले कीं गर्दी होत नाहीं व खाण्यावरून तंटा होत नाहीं. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासांत मत्स्यविनोदाचें प्रकरण आहे. माशांच्या जाती व त्यांस घालावयाचें खाद्य त्यांत वर्णिलें आहे, परंतु तें गळ टाकणाऱ्या राजासाठीं. आम्हांस हवें तें शिक्षण एका पाड्यावरच्या मुलाकडून मिळालें; शाळेंत त्याची गणना आम्हीं मागच्या बांकावर केली होती, हेंही येथें कबूल करावेंसें वाटतें.

ओढ्यावरचेच मासे धरून पेटींत कां ठेवूं नयेत, असें कोणी विचारील. वाहत्या पाण्यांतील माशास भरपूर प्राणवायु लागतो. पेटीच्या स्थिर पाण्यांत तो गुदमरतो. शिवाय शोभेसाठीं रानांतून धरपकड वाढली कीं काय होतें, याचें उदाहरण केरळांत आहे. 'मिस केरळ' या नांवानें ओळखला जाणारा, अंगावर तांबडी रेघ असलेला देखणा मासा परदेशीं इतका पाठविला गेला कीं, त्याची गणना संकटग्रस्त जातींत करावी लागली. तेव्हां ओढ्यावर जावें तें पाहण्यास व शिकण्यास.

आतां वनस्पतींविषयीं. मासे व वनस्पती यांच्या मेळावरच पेटीचा सारा संसार चालतो, हें १८५० सालीं लंडनमध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें दाखविलें. त्यानें कांचेच्या पात्रांत गोल्डफिश ठेवले व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लाविली. वनस्पती माशांस प्राणवायु देईल, व माशांचा मळ वनस्पतीस खत होईल, अशी त्याची योजना. परंतु जुनीं पानें सडून पाणी बिघडूं लागलें. मग त्यानें तळ्यांतल्या गोगलगाई सोडल्या; त्यांनीं सडका पाला खाऊन टाकला, आणि पाणी निवळलें. दोघांत जमत नव्हतें तें तिसऱ्याच्या येण्यानें जमलें. पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यालय निघालें. आपल्या मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें.

व्हॅलिस्नेरिया आपल्या देशांतील पाण्यांतही उगवते. फितीसारखीं लांब पानें असतात, म्हणून ती पेटीच्या मागच्या बाजूस लावावी. मुळें वाळूंत व पानांचा बुडखा वर राहील अशी बेतानें, नाहींतर कुजते. हायड्रिला हीही आपलीच. ती झपाट्यानें वाढते व पाण्यांतील मळ तितक्याच झपाट्यानें शोषून घेते. नवीन पेटीस तिच्यासारखी मैत्रीण नाहीं. मात्र दर आठवड्यास कातर लावावी लागते. मंद उजेडांत क्रिप्टोकोरीन लावावी. हिच्या कांहीं जाती सह्याद्रींतल्याच आहेत. नवीन जागीं लाविल्यावर हिचीं पानें विरघळल्यासारखीं होतात. लोक ती मेली समजून उपटून टाकतात. तसें करूं नये. मुळांतून पुन्हां पानें फुटतात. गोल्डफिश ठेवावयाचे असतील तर कोवळीं झाडें व्यर्थ आहेत. त्यांच्यासवें अनुबियास किंवा जावा फर्न अशीं चिवट पानांचीं झाडें दगडास वा लाकडास दोऱ्यानें बांधावीं. यांचा आडवा कंद वाळूंत पुरला तर सडतो. दिवा सहा ते आठ तास पुरे. पेटी खिडकींत ऊन्हांत ठेवली कीं कांचेवर हिरवें शेवाळ चढतें, आणि मग तें खाण्यासाठीं सकर मासा आणण्याची दुर्बुद्धि होते. झाडें तळ्यांतून आणलीं असतील तर तुरटीच्या सौम्य पाण्यांत कांहीं तास ठेवून स्वच्छ धुवावीं, म्हणजे त्यांबरोबर माशांचीं पिल्लें खाणारे किडे येत नाहींत.

येथें पुन्हां घराचा व परक्या घराचा प्रश्न आहे. आपली ही गरीब हायड्रिला १९५० नंतरच्या वर्षांत मत्स्यपेट्यांच्या व्यापारांतून अमेरिकेंत फ्लोरिडास गेली, तेथील तळीं व कालवे तिनें कोंडून टाकले. आणि तिकडची, दक्षिण अमेरिकेची, जांभळ्या फुलांची जलपर्णी शोभेसाठीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्यें आली. तिनें आपल्या नद्यांची काय गत केली आहे तें प्रत्येक शहराच्या पुलावरून दिसतें. तेव्हां पेटींतील झाडांची कातरलेली पालवीही गटारांत वा ओढ्यांत टाकूं नये; उन्हांत वाळवून खतांत घालावी.

नवीन पेटी भरल्यावर त्याच दिवशीं मासे सोडूं नयेत, हा आमच्या त्या दिवाळीचा आणखी एक धडा. माशांच्या मलमूत्रांतून अमोनिया निर्माण होतो, तो विषारी. वाळूंत व गाळणींत वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्यें रूपांतर करतात, आणि तें नायट्रेट झाडें शोषून घेतात. या जंतूंस पुरेसें वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर झाडें लावून धीर धरावा, नंतर थोडे थोडे मासे आणावे. गाळणीचा स्पंज नळाखालीं धुऊं नये. क्लोरिननें ते उपकारी जंतु मरतात. पेटींतून काढलेल्या पाण्यांतच तो पिळावा. नळाचें पाणी घालण्यापूर्वीं एक दिवस उघड्या बादलींत ठेवावें. खाणें दोन मिनिटांत संपेल एवढेंच, दिवसांतून एकदां. आमच्या घरीं जिवंत अळ्या आणण्यास मातोश्रींची मनाई आहे, ती आम्ही पाळतों. कोरड्या गोळ्यांवर आमच्या माशांचें उत्तम चाललें आहे.

आमच्या पेटींत सध्यां आठ झेब्रा मासे व पांच कोरिडोरस आहेत. झेब्रा हा आपल्याच देशांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यानें १८२२ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळला जातो. पूर्ण वाढला तरी दीड इंच. वरच्या व मधल्या पाण्यांत दिवसभर धांवतो; १८ अंशांपर्यंतची थंडी सोसतो, म्हणून जव्हारच्या हिंवाळ्यांत त्याचें निभतें. उडी मारतो, म्हणून झांकण हवें. आणि लांब परांच्या संथ माशांशेजारीं तो ठेवूं नये. कोरिडोरस दोन इंचांचा, मिशाळ, तळाशीं मऊ वाळू हुंगीत फिरणारा. कोणाच्या अध्यांत ना मध्यांत. आठांचे बारा इंच व पांचांचे दहा, मिळून बावीस. मागें व्हॅलिस्नेरिया, एका कोंपऱ्यांत हायड्रिला, पुढें क्रिप्टोकोरीन. येथें पावसाळ्यांत वीज दोनदोन दिवस जाते व हवेचा पंप बंद पडतो. परंतु मासे थोडे व झाडें पुष्कळ असल्यामुळें गेल्या पावसाळ्यांत एकही मासा दगावला नाहीं.

एक गोष्ट अद्यापि मनास टोंचते. मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर चैत्रवैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते. त्याच तालुक्याच्या हद्दींत बांधलेल्या मध्य वैतरणेचें पाणी मुंबईस जातें. पाड्यावरची बाई मात्र डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरते. अशा मुलखांत शोभेसाठीं ९० लिटर पाणी कोंडून ठेवावें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या वडील बंधूंनीं काढला. त्यावर घरांत ठरलें तें असें : उन्हाळ्यांत आठवड्यास एकच कळशी पाणी बदलावें, आणि काढलेली कळशी तुळशीस व भाजीच्या वाफ्यास घालावी. मळ शोषणारीं झाडें दाट असलीं कीं एवढ्यानें भागतें. वाफ्यांतल्या दुधीभोपळ्यास तें पाणी विशेष मानवलें आहे. तरी ज्यांच्या घरीं पाण्याचीच टंचाई आहे त्यांनीं हा छंद धरूं नये, असें आमचें प्रामाणिक मत आहे.

पुण्याच्या भगिनींस आमची विनंति अशी. ज्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या आहेत त्यास प्रथम वेगळ्या भांड्यांत, त्याच पाण्यांत ठेवावें. पर पुन्हां येतात. छळणारा कोण तें संध्याकाळीं दहा मिनिटें स्वस्थ बसून पाहावें. त्याच्या जातीचे आणखी आणण्याइतकी जागा असेल तर आणावे, नसेल तर दुकानदारास परत द्यावा; परंतु मुळामुठेंत सोडूं नये. सडलीं झाडें काढून हायड्रिला लावावी व महिनाभर नवा मासा आणूं नये. नातवंडें घाई करतील. त्यांस तोंवर मनूची गोष्ट सांगावी, आणि शेवटीं विचारावें कीं, मनूनें मासा नेऊन सोडला तो कोणाच्या घरीं?